नकाशा, सही आणि रिकामी खुर्ची

बराक ओबामा हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांतही माहीत आहे. २००८ साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, हे शाळकरी मुलंही सांगतील. पण हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा निवडून आला तो कुठून, असं विचारलं तर सहसा उत्तर मिळत नाही. ती जागा होती इलिनॉय राज्याच्या सिनेटची. मतदारसंघ तेरावा, शिकागो शहराच्या दक्षिण भागातला. आज मला बोलायचं आहे ते ओबामांविषयी नाही, या मतदारसंघाविषयी.

कारण या मतदारसंघाचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मनातून जाईना. १९९१ पासून २०१९ पर्यंत या जागेवर चार जण आले. ॲलिस पामर, बराक ओबामा, क्वामे राऊल आणि रॉबर्ट पीटर्स. यातले तिघे पहिल्यांदा खुर्चीवर बसले ते नेमणुकीनं, मतदानानं नव्हे. आणि जे एकटे निवडणुकीच्या रस्त्यानं आले, त्या ओबामांच्या पहिल्या खेपेला, जिथे खरी लढत व्हायची तिथे, मतपत्रिकेवर त्यांच्याशिवाय दुसरं नावच उरलं नव्हतं. पुढे लोकांनी या चौघांना मतं दिली, भरभरून दिली. पण दार आधीच उघडलेलं होतं. मत मागाहून आलं.

जगातल्या जुन्या, सशक्त म्हणवल्या जाणाऱ्या लोकशाहीत हे कसं घडतं? त्यात कोणी कायदा मोडला होता का? नाही. सगळं कायद्यानंच झालं. म्हणूनच ते समजून घ्यायला हवं.

आधी सिनेट म्हणजे काय ते पाहू. आपण बातम्यांत ऐकतो ती वॉशिंग्टनची सिनेट, म्हणजे संपूर्ण देशाची. पण अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याचं स्वतःचं विधिमंडळ आहे आणि एकटं नेब्रास्का सोडलं तर ४९ राज्यांत त्याची दोन सभागृहं आहेत. वरच्या सभागृहाला सिनेट म्हणतात. आपल्या विधान परिषदेसारखं हे दिसतं, पण फरक मोठा आहे. आपल्या परिषदेवर काही सदस्य आमदार निवडतात, काही स्थानिक स्वराज्य संस्था, काही पदवीधर आणि शिक्षक, तर काही राज्यपाल नेमतात. तिकडची राज्य सिनेट थेट लोकांनी निवडायची असते. इलिनॉयचे असे ५९ मतदारसंघ आहेत. २०२० च्या जनगणनेप्रमाणे एकेका मतदारसंघात सुमारे २ लाख १७ हजार माणसं. म्हणजे आपल्या विधानसभेच्या मतदारसंघापेक्षा लहानच. प्रत्येक सिनेट मतदारसंघाचे दोन तुकडे केले की खालच्या सभागृहाचे ११८ मतदारसंघ होतात. राजधानी स्प्रिंगफील्ड. शाळांचा पैसा, पोलिसांचे कायदे, तुरुंग, कर, दवाखाने यांविषयीचे बरेच निर्णय इथेच होतात. रोजच्या जगण्याला ही सिनेट वॉशिंग्टनपेक्षा जवळची.

आता पहिला प्रश्न. या मतदारसंघाची हद्द आखतो कोण?

हद्दीचा हा मामला जुना आहे आणि त्यातून इंग्रजी भाषेला एक शब्द मिळाला आहे. शब्दांचा नाद असल्यामुळे मी तिथे थोडा रेंगाळलो. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१२ साली एल्ब्रिज गेरी नावाचे राज्यपाल होते. त्यांच्या पक्षाच्या बहुमतानं राज्य सिनेटच्या मतदारसंघांची नवी रचना केली आणि गेरींनी त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा झाला की ‘बोस्टन गॅझेट’ने त्याला पंख, नखं आणि जबडा लावून व्यंगचित्र छापलं. सॅलमँडर नावाचा पालीसारखा दिसणारा प्राणी आणि गेरी हे नाव यांची जोड करून शब्द तयार झाला : गेरीमँडर. आज तो ‘जेरीमँडर’ असा उच्चारतात. राज्यपालांचं नाव राहिलं, उच्चार मात्र बदलला. त्या वर्षीच्या निवडणुकीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. गेरींच्या पक्षाला सिनेटसाठी ५०,१६४ मतं पडली, विरोधकांना ५१,७६६. जास्त मतं विरोधकांना, पण जागा? गेरींच्या पक्षाला २९ आणि विरोधकांना ११. स्वतः गेरी मात्र राज्यपालपदाची निवडणूक हरले. कारण राज्यपालपदाला राज्यभरची मतं मोजायची होती. तिथे आखायला रेषा नव्हती.

युक्ती साधी आहे आणि तिचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे कोंडणं. विरोधी मतदार एकाच मतदारसंघात भरायचे, म्हणजे तिथे ते नव्वद टक्क्यांनी जिंकतील आणि आजूबाजूला सगळीकडे हरतील. दुसरा प्रकार फोडणं. एकत्र राहणारी वस्ती चार मतदारसंघांत वाटून टाकायची, म्हणजे कुठेच तिचा आवाज पुरा पडत नाही. कोंडणं आणि फोडणं. आपल्याकडच्या मोहल्ल्यांत, दलित वस्त्यांत, आदिवासी पाड्यांत राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. वॉर्डाची हद्द बदलली की गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो : ‘आपण कुठे गेलो?’ मी स्वतः तो प्रश्न लहानपणापासून ऐकत आलो आहे. तो प्रश्न भूगोलाचा नसतो.

अमेरिकेत एके काळी तर लोकसंख्या समान असण्याचंही बंधन नव्हतं. अलाबामा राज्यात जेफरसन परगण्यात सहा लाखांहून जास्त लोक होते आणि लाउंड्स परगण्यात पंधरा हजारांच्या आसपास. दोघांचाही राज्य सिनेटमध्ये एकेकच सदस्य. १९६४ साली ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, राज्याच्या दोन्ही सभागृहांत मतदारसंघ लोकसंख्येनं जवळजवळ सारखेच असले पाहिजेत. प्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत, हा त्या निकालाचा आशय. तेव्हापासून दर दहा वर्षांनी, जनगणना झाली की, नवा नकाशा करावा लागतो.

इलिनॉयनं १९७० च्या आपल्या राज्यघटनेत यासाठी एक मजेदार तरतूद केली. आधी विधिमंडळानं नकाशा करावा. जमलं नाही तर आठ जणांचा आयोग बसवावा, त्यात एका पक्षाचे चारांपेक्षा जास्त नकोत. तिथेही चार विरुद्ध चार अशी कोंडी झाली तर नववा माणूस चिठ्ठी टाकून निवडावा. घटना लिहिणाऱ्यांना वाटलं, चिठ्ठीच्या भीतीनं दोन्ही पक्ष तडजोड करतील. आपलं सगळंच जाईल त्यापेक्षा अर्धं घ्यावं, असा शहाणपणा त्यांनी गृहीत धरला होता. झालं उलटंच. १९८१, १९९१, २००१ अशी तीनदा चिठ्ठीची पाळी आली. भीतीपेक्षा जुगाराची हौस मोठी ठरली.

१९८१ ला चिठ्ठी निघाली डेमोक्रॅटिक पक्षाची. १९९१ ला रिपब्लिकन पक्षाची. २००१ च्या सप्टेंबरात, अब्राहम लिंकन घालत तशा उंच काळ्या टोपीच्या प्रतिकृतीत दोन नावं टाकली गेली. राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जेसी व्हाइट यांनी हात घालून चिठ्ठी काढली. नाव निघालं शिकागोचे माजी महापौर मायकल बिलँडिक यांचं, म्हणजे पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाचं. आपल्याकडे महापालिकेच्या वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघते, त्याची इथे आठवण होईल. पण आपल्या सोडतीत जागा कोणत्या प्रवर्गाला राखीव, एवढंच ठरतं. तिकडच्या चिठ्ठीनं रेषा आखणारा हातच ठरत होता.

परिणाम? १९९१ च्या चिठ्ठीनंतर झालेल्या १९९२ च्या निवडणुकीत सिनेट रिपब्लिकन पक्षाकडे गेली आणि दहा वर्षं त्याच्याचकडे राहिली. २००१ च्या चिठ्ठीनंतर २००२ ला ती डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली. राज्याचं वारंही बदललं होतं, सगळं श्रेय टोपीला देता येणार नाही. पण टोपीचा वाटा नाकारताही येत नाही. सिनेट हाती आल्यावर २००३ साली तिथे एक कायदा झाला : खुनाच्या प्रकरणात पोलिसांनी कोठडीत केलेल्या चौकशीचं चित्रीकरण केलंच पाहिजे. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत तेराव्या मतदारसंघाचे सदस्य ओबामा होते. अल्पमतात असताना त्यांची विधेयकं पुढे सरकत नसत. कोठडीतल्या माणसाचा जबाब आणि टोपीतली चिठ्ठी यांच्यात इतकं कमी अंतर असू शकतं.

आता तेराव्या मतदारसंघाचा नकाशा पाहू. १९९० च्या दशकात तो हाइड पार्क आणि केनवुडपासून दक्षिणेला साउथ शोअरपर्यंत आणि पश्चिमेला शिकागो लॉनपर्यंत पसरलेला होता. हाइड पार्कमध्ये शिकागो विद्यापीठ आहे, प्राध्यापकांची घरं आहेत. पश्चिमेकडे गरीब, कृष्णवर्णीय वस्त्या. २००१ च्या नव्या नकाशात हाच मतदारसंघ मिशिगन सरोवराच्या काठाकाठानं उत्तरेला चढला आणि थेट गोल्ड कोस्टपर्यंत, म्हणजे शिकागोतल्या श्रीमंतांच्या दारापर्यंत गेला. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानं २००८ साली दिलेल्या वृत्तान्तानुसार, आपल्या मतदारसंघाची नवी आखणी करताना ओबामा पक्षाच्या नकाशा-तज्ज्ञाबरोबर स्वतः बसले होते. कृष्णवर्णीयांची संख्या त्यात पुरेशी राहिलीच, पण शहरातले धनिक आणि वजनदार लोकही त्यांचे मतदार झाले. पुढच्या मोठ्या निवडणुकीला पैसा लागतो आणि ओळखीही लागतात. एरवी मतदार आपला प्रतिनिधी निवडतो. इथे प्रतिनिधीनं आपले मतदार निवडले. यात ओबामा एकटे नव्हते, ज्याला ज्याला संधी मिळते तो तेच करतो. प्रश्न माणसाचा नाही, संधीचा आहे.

दुसरा प्रश्न उमेदवारीचा. शिकागोच्या दक्षिण भागात डेमोक्रॅटिक पक्षाचं वर्चस्व इतकं आहे की नोव्हेंबरातली निवडणूक ही औपचारिकता असते. खरी लढत मार्चमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे ‘प्रायमरी’त होते. तिथे पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, मतदार ठरवतात. ऐकायला फार छान. पण प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायचं तर मतदारसंघातल्या ठरावीक संख्येनं मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. १९९६ ला हा आकडा होता ७५७.

झालं असं की, १९९५ साली त्या भागातल्या काँग्रेस सदस्यावर गुन्हा शाबित झाला आणि त्याची जागा रिकामी झाली. सिनेट सदस्य ॲलिस पामर या जागेसाठी आधीच तयारीत होत्या. त्यांनी सिनेट सोडायचं ठरवलं आणि आपल्या जागी ओबामांना पुढे केलं. पण नोव्हेंबर १९९५ च्या प्रायमरीत जेसी जॅक्सन ज्युनियर जिंकले, पामर तिसऱ्या आल्या. मग त्यांना आपली सिनेटची जागा परत हवीशी वाटली. समर्थकांनी ओबामांना माघार घ्यायला सांगितलं. ते तयार झाले नाहीत. पामर यांनी घाईघाईत सह्या जमवून डिसेंबरात अर्ज भरला. सह्या होत्या १,५८०, गरजेच्या दुप्पट. ओबामांच्या माणसांनी निवडणूक मंडळात जाऊन एकेक सही मतदार यादीशी पडताळून पाहिली. कुणाचं नाव यादीत नव्हतं, कुणाचा पत्ता हद्दीबाहेरचा होता, कुणी सही करण्याऐवजी नाव सुट्या अक्षरांत लिहिलं होतं. बहुतेक सह्या गळून पडल्या. जानेवारी १९९६ मध्ये पामर यांनी माघार घेतली. उरलेल्या तीन प्रतिस्पर्ध्यांचे अर्जही असेच बाद झाले. मार्चमध्ये मतपत्रिकेवर एकच नाव राहिलं.

आपल्याकडेही छाननीत अर्ज बाद होतात. अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात आणि त्यांच्या सह्यांवरून वाद होतात. पण शिकागोत सह्यांची ही लढाई एक स्वतंत्र कलाच झालेली आहे, तिच्यात तरबेज असलेले वकील असतात. नियमाच्या बाजूनंही बोलायला हवं. खोट्या सह्यांनी उमेदवार उभे करण्याचे प्रकार शिकागोनं खूप पाहिले होते, म्हणून पडताळणी आली. तरीही मला त्या बाद झालेल्या सह्या अस्वस्थ करतात. कुणा बाईनं दारात उभं राहून, सुट्या अक्षरांत, जपून आपलं नाव लिहिलं असेल. तिची इच्छा खरी होती, फक्त अक्षरं जोडलेली नव्हती. आपल्याकडे अंगठ्यालाही किंमत आहे, हे इथे अभिमानानं सांगावंसं वाटतं.

मग मतदान झालं. नोव्हेंबर १९९६ ला ओबामांना ८२ टक्के मतं मिळाली, १९९८ ला ८९ टक्के. २००२ ला ते बिनविरोध आले. या मोठमोठ्या आकड्यांकडे पाहून फसायला नको. त्याच ओबामांनी २००० साली काँग्रेससाठी बॉबी रश यांच्याविरुद्ध प्रायमरी लढवली. तिथे समोर खरा प्रतिस्पर्धी होता. रश यांना ६१ टक्के आणि ओबामांना ३० टक्के मतं पडली. भाग बराचसा तोच, माणूस तोच. फरक इतकाच की या वेळी मतदाराला निवड करायला मिळाली. मोठं मताधिक्य हे दर वेळी लोकप्रियतेचं माप नसतं, कधी कधी ते पर्याय नसल्याचं माप असतं.

तिसरा प्रश्न रिकाम्या खुर्चीचा. आपल्याकडे आमदाराची जागा रिकामी झाली तर साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. इलिनॉयमध्ये ती नेमणुकीनं भरतात. सदस्य ज्या पक्षाचा, त्याच पक्षाचे त्या मतदारसंघातले वॉर्डप्रमुख एकत्र बसतात आणि नवा सदस्य ठरवतात. ज्याच्या वॉर्डातून पक्षाला जास्त मतं, त्याच्या शब्दाला जास्त वजन. सिनेटची मुदत २८ महिन्यांहून जास्त उरली असेल तर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान घ्यावं लागतं. नाहीतर नेमलेला सदस्य मुदत संपेपर्यंत राहतो.

१९९१ ला रिचर्ड न्यूहाउस यांनी जागा सोडली आणि पामर यांची नेमणूक झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये ओबामा वॉशिंग्टनच्या सिनेटवर निवडून गेले, त्यांच्या जागी क्वामे राऊल नेमले गेले. राऊल २०१८ साली राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले आणि जानेवारी २०१९ मध्ये रॉबर्ट पीटर्स यांची नेमणूक झाली. पीटर्स यांना मतदारांसमोर उभं राहावं लागलं ते २०२० साली. नेमलेली माणसं नालायक होती असं मी म्हणत नाही. राऊल यांनी पुढे साऱ्या राज्याचा कौल मिळवून दाखवला. पण नेमणुकीनं आलेला सदस्य पहिल्या निवडणुकीला उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे पद असतं, कार्यालय असतं, वर्तमानपत्रात नाव असतं. नव्या माणसाची शर्यत दहा पावलं मागून सुरू होते.

नकाशा, सही आणि रिकामी खुर्ची. मतदानाच्या दिवसाआधी या तीन ठिकाणी बरंच काही ठरून गेलेलं असतं आणि तिन्ही ठिकाणी मतदार हजर नसतो.

यावर उपाय शोधणारी राज्यं आहेत. कॅलिफोर्नियानं २००८ साली जनमत घेऊन राज्याच्या मतदारसंघांची आखणी राजकारण्यांकडून काढली आणि १४ नागरिकांच्या आयोगाकडे दिली. मिशिगननं २०१८ साली १३ जणांचा आयोग केला. असे आयोगही निर्दोष नसतात. मिशिगनच्या आयोगानं डेट्रॉईट भागात आखलेले काही मतदारसंघ न्यायालयानं २०२३ साली वंशाच्या मुद्द्यावर रद्द केले. पण तिथे निदान बैठका उघड होतात आणि चूक दाखवता येते. इलिनॉयमध्येही २०१६ साली स्वतंत्र आयोगासाठी जनमत घ्यावं म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ दिला नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली सांगितलं की, पक्षीय स्वार्थानं आखलेल्या हद्दींचा निवाडा करणं हे केंद्रीय न्यायालयांचं काम नाही. २०११ आणि २०२१ या दोन्ही वेळी इलिनॉयची दोन्ही सभागृहं आणि राज्यपालपद डेमोक्रॅटिक पक्षाकडे होतं. त्यामुळे आयोग नाही आणि टोपीही नाही. बहुमतानं आपला नकाशा आपणच केला.

आपण या सगळ्याकडे लांबून पाहतो आहोत. पण आपल्याकडेही वॉर्डरचना होते, हद्दी हलतात, आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या हरकतींसाठी दिलेल्या मुदतीत कार्यालयात जाऊन नकाशा उघडून पाहणारे किती जण असतात? उमेदवार तो आधीच पाहून आलेला असतो. मतदाराला मात्र मतदान केंद्राचा पत्ता बदलला की तो कळतो. मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहणं हे कर्तव्य आपण जाणतो आणि पाळतोही. त्याच्या काही महिने आधी, जेव्हा रांग नसते, शाई नसते आणि भाषणं नसतात, तेव्हा भिंतीवर लावलेल्या त्या नकाशासमोर पाच मिनिटं उभं राहून आपली गल्ली कुठे गेली आहे ते बोटानं शोधावं. मताचं मोल तिथूनच ठरायला लागतं.